हळदीच्या वाटीखाली

मी एक जुना मसाल्याचा डबा आहे. आदिलाबादच्या बाजारात मला घेतलं, झाकणावर ‘चि. सौ. कां. जयवंता हिस, मामाकडून’ असं कोरलं आणि आंदणात बेल्याजवळच्या एका गावी पाठवलं. मित्रांनो, माझ्याशिवाय त्या घरातल्या वरणाला कधी फोडणी बसली नाही, तरी कौतुक झालं ते वरणाचंच. असो. डब्यानं रुसून जायचं कुठं?

अठ्ठावीस वर्षं जयवंताबाईचा हात न पाहता माझ्या सात वाट्यांत फिरला. मग तिला स्तनाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पाळी कायमची थांबली. तिचे यजमान भगवानराव प्रत्येक खेपेला सोबत गेले, ते मी नाकारणार नाही. रिपोर्ट चांगला आला तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. आणि सगळे ‘सुटली बाई’ म्हणू लागले तेव्हापासून ती नुसती बसून राहू लागली. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली, भाजी करपली तरी उठवेना. एकदा तिने माझं झाकण उघडलं आणि कुठली वाटी घ्यायची तेच तिला आठवेना. मला फार भीती वाटली.

डॉक्टरीणबाईंनी मनाची गोळी दिली. महिन्या-दीड महिन्यात हात पुन्हा बरोबर मोहरीवर पडू लागला. पण घरातला न्याय पाहा. कॅन्सरची गोळी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. मनाची गोळी माझ्यात, हळदीच्या वाटीखाली.

“अश्विनीचं जमून राह्यलं,” भगवानराव म्हणाले. “मायले डोक्याच्या गोळ्या हायत म्हणून कळलं, तर कोण करीन पोरीले?”

मावल्याहून पाहुणे आले. मुलाची आई मनकर्णाबाई चहा होताच स्वयंपाकघरात शिरली. आमच्याकडे जुन्या बायका पोरगी बैठकीत पाहतात आणि घर मसाल्याच्या डब्यात. वरून चकाचक कोणीही ठेवतं, म्हणून त्या वाटी उचलून तळ पाहतात. भगवानरावांना हे ठाऊक नव्हतं. जयवंताबाईला आठवलं, पण तोवर वाटी उचललेली होती.

पिवळ्या डागांचं पाकीट मनकर्णाबाईने वाचलं.

“कवापासून घेता?”

“आठ महिने झाले.” जयवंताबाई म्हणाली.

मनकर्णाबाईने दाराकडे पाहिलं. “मी सहा वर्षांपासून ह्याच घेऊन राह्यली. पाळी गेली तवापासून. तांदळाच्या पिपात ठेवते. घरी कोणाले माईत नाही.”

तिने जयवंताबाईचा हात दाबला. जयवंताबाईचे डोळे भरून आले, बहीण भेटावी तसे. मीही मूर्खासारखा खूश झालो.

मनकर्णाबाई बैठकीत गेली, पदर सावरून बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “पोरगी चांगली हाय. पण मायले डोक्याच्या गोळ्या चालू हायत. आमच्या घरी असं काई नाही.”

पाहुणे गेले. भगवानरावांनी पाकीट पाणी तापवायच्या चुलीत टाकलं. चार दिवसांत जयवंताबाईच्या डोक्यात झटके बसू लागले, ती भिंत धरून चालू लागली, रडणं थांबेना. घर म्हणालं, पाहा, गोळ्यांनीच वेड लावलं. शेवटी अश्विनी तिला दवाखान्यात घेऊन गेली. अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, असं डॉक्टरीणबाई रागावून म्हणाल्या. अश्विनीने नवं पाकीट आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी, कॅन्सरच्या गोळीला लागून ठेवलं.

“लोक पाहतीन,” भगवानराव म्हणाले.

“पाहू द्या, बाबा. मले माय पाह्यजे.”

मग तिने आईला विचारलं, “त्या बाई आत काय म्हणल्या तुले?”

“काई नाही.”

एका वाक्यात मावल्याच्या त्या घराची शान उतरली असती. तिच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं. जयवंताबाई मात्र मोहरी टाकता टाकता स्वतःशीच पुटपुटली, “सांगितलं तर ती बाई गोळ्या कुठं लपवीन?”

मित्रांनो, मला घासू नका, कोपऱ्यात टाका, चालेल. पण तुमच्या घरी तांदूळ काढताना हाताला गोळ्यांचं पाकीट लागलं, तर ओरडू नका, आणि गुपचूप परत तिथंच ठेवूही नका. आईजवळ जा आणि विचारा, आजची गोळी घेतलीस का. मावल्याच्या त्या घरात हे विचारणारं कोणी असेल, असं मला वाटत नाही.