डोळे मिटलेला मेंढपाळ

"ओदिल, चल. झालं बघून."

आत शिरून चार मिनिटं झाली नव्हती. माझे डोळे अजून अंधाराला सरावत होते आणि हा माणूस दाराशी जाऊन उभा!

"अरे, खांब तरी मोजू दे."

"आठ आहेत. चल."

सकाळपासूनचं हे तिसरं चर्च. आम्ही राहतो फ्रान्समधल्या बर्गंडीतच, तरी दर उन्हाळ्यात जुनी चर्चं बघत हिंडायचं, असा आमचा शिरस्ता. माझा नवरा बाझील, धंद्यानं पाथरवट. पडक्या चर्चांचे दगड दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही. पण चव्वेचाळीस वर्षांत या नवऱ्यानं एका बाकावर माझ्याशेजारी दहा मिनिटं बूड टेकलं असेल तर शपथ. जेवायला बसला की गुडघा हलतोय. गाडी थांबली की पुढचं गाव. मी मनाशी धरून चालले होते, याचं माझ्याजवळ मन रमत नाही. असतात अशी माणसं. काय करता?

यंदा तर कहरच होता. तीन दिवस धड जेवण नाही. सॉसेजचा तुकडा नि पाव गाडीतच खायचा, तोही मी चालवताना. शेवटी मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"आता बोल. दुखतंय का कुठं? का दुसरी कुणी आहे? सत्तरीत शोभेल असं काहीतरी सांग."

तो हसला नाही. "शांब्रेला चल," म्हणाला.

शांब्रे तिथून जेमतेम दहा किलोमीटर. इतक्या वर्षांत त्या दिशेला आम्ही एकदाही वळलो नव्हतो. मी विचारलं की हा म्हणायचा, "तिथं काही नाही."

आणि मग त्यानं सांगितलं. वय चोवीस, शांब्रेच्या चर्चचं काम चालू. त्याला काम शिकवणारा उस्ताद हर्नियाच्या ऑपरेशनला गेलेला. परांचीची फळी सरकवताना ती खांबाच्या माथ्यावर कोरलेल्या मेंढपाळाच्या तोंडावर आपटली. आठशे वर्षं टिकलेलं तोंड, खाली पडून त्याचा चुरा. बाझीलनं कुणाला सांगितलं नाही. अकरा दिवस जागून नवीन डोकं घडवलं, बसवलं, जुनं दिसावं म्हणून त्याला दही आणि काजळी फासली. उस्ताद परत आला, त्यानं वर पाहिलं आणि काही बोलला नाही.

"आणि साल?" मी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे नवा दगड बसवला की त्यावर साल कोरतात, उद्या कुणी त्याला जुना समजू नये म्हणून. बाझीलनं तीस वर्षं हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं. साल न कोरणाऱ्याला तो चोर म्हणायचा, तोंडावर.

"आता कुणा प्राध्यापकानं छापलंय," तो म्हणाला, "की असा डोळे मिटलेला मेंढपाळ त्या काळात दुसरीकडे कुठंच नाही. त्याच्यावरून अख्ख्या चर्चचं वय बदलायला निघालेत. ओदिल, मला हे सांगून टाकायचंय. पण सांगितलं की माझं नाव गेलं."

मी खिशातली किल्ली काढून लावली आणि गाडी शांब्रेकडे वळवली. बोलले असते तर वाईटच बोलले असते.

चर्चला कुलूप. दारावर चिठ्ठी, किल्ली समोरच्या घरात, तिसोबाईंकडे. बाई नव्वदीच्या, हातात चाकू, अर्धवट सोललेला बटाटा. आमच्याबरोबर स्वतःच आल्या.

मेंढपाळ वर होता. गाल हातावर टेकलेला, ओठ किंचित उघडे, गाढ झोपलेला. इतकं हळुवार काम त्यानं नंतर कधीच केलं नाही.

"पोर झोपत नसेल तर आया इथं घेऊन येतात," तिसोबाई म्हणाल्या. "लांबून लांबून येतात हो."

"बाई, तो खोटा आहे," बाझील एकदम म्हणाला. "मी केलाय."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"जुन्याचे डोळे टक्क उघडे होते. लहानपणी मी त्याला घाबरायचे. चुरा मीच झाडला ना! अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तुमच्या उस्तादालासुद्धा."

बाझील लालबुंद झाला. "मग बोलला का नाहीत कुणी? शेहेचाळीस वर्षं झोप नाही मला!"

"तुम्ही आलात कुठं परत?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला हा आवडला. आता सांगायचं असेल तर खुशाल सांगा. आमची पोरं तरीही येतील." आणि उरलेले बटाटे सोलायला निघून गेल्या.

बाझील बाकावर बसला. मी शेजारी बसले. आता मात्र माझा पारा चढला.

"गावाला ठाऊक, उस्तादाला ठाऊक. आणि मी? मी इतकी वर्षं समजत होते, तुला माझ्याजवळ बसवत नाही म्हणून तू उठून जातोस. किती रडले असेन मी त्यापायी! मला का नाही सांगितलंस?"



"आपल्या लग्नात तू सगळ्यांना सांगत होतीस," तो म्हणाला, "माझा नवरा कधी खोटा दगड बसवणार नाही. त्यानंतर दरवर्षी, भेटेल त्याला. मग कसं सांगणार होतो? तुझ्याशेजारी बसलं की तेच ओठांवर यायचं, म्हणून उठायचो."

मी सांगायची, खरंच. अभिमानानं सांगायची. अजूनही, गेल्याच महिन्यात, पावाच्या दुकानात सांगितलं होतं.

मी पर्स उघडली, कागद काढला, पेन त्याच्या हातात दिलं.

"लिही त्या प्राध्यापकाला," मी म्हटलं. "आणि खाली माझीही सही घे."