सरळ कापलेलं गवत

"गवताला हात लावायचा नाही, ठकू. ते त्याचं पांघरूण आहे. तुझ्या अंगावरचं कुणी ओढलं तर चालेल तुला?"

अण्णांचा हा आवाज लहानपणी तिच्या कानात शिरला तो कायमचा. कुरणाच्या कडेला पालथं पडून, कोपरं दवात भिजवत वडील कॅमेऱ्यामागून कुजबुजायचे. मग स्वतःशीच गुणगुणायचे, त्यांनीच जुळवलेलं काहीबाही:

पाडस निजलं गं, गवताच्या कुशी
आई दूर उभी, वाऱ्याला पुशी

हरिणी पिलाला गवतात दडवून लांब चरायला जाते. तिच्या वासावर कुणी त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून. पिलू अंगाचं मुटकुळं करून पडून राहतं. आपण लांबूनच बघायचं आणि दिसेल तेवढं घ्यायचं. कान दिसला तर कान, डोळा दिसला तर डोळा. अण्णांची सगळी विद्या एवढीच. ती आपल्या दोन्ही लेकरांच्या अंगी सारखीच मुरली, असं त्यांना वाटायचं.

आज स्टुडिओच्या दर्शनी भिंतीपाशी दादा शिडीवर चढला होता, हातात ड्रिल, कानामागे पेन्सिल. खाली वहिनी उद्याच्या शिबिरार्थींच्या पिशव्या भरत होती. टोपी, पाण्याची बाटली, गुडघ्याखाली घ्यायची गादी. आणि प्रत्येक पिशवीत एक लहानशी कात्री.

ठकूनं एक कात्री उचलली. "ह्या कशाला, वहिनी?"

"मला काय विचारता, वन्सं? मी इथली हमाल. मालक वर चढलेत, त्यांना विचारा."

"फ्रेम साफ करायला," दादा वरूनच म्हणाला. "पुढ्यात आलेली चार पाती उडवली की पिलू कसं मोकळं दिसतं. लोक माझ्याकडे येतात ते गवताचे फोटो काढायला नाही."

"उद्या? अरे, पिल्लं आत्ताच जन्मलीत."

"म्हणून तर उद्या. मोठी झाली की पळतात."

"आडोसा गेला की ते उघडं पडेल, दादा. घारीला दिसेल, कोल्ह्याला दिसेल. आणि एवढी माणसं भोवती वावरल्यावर आई जवळ यायला बिचकते. तुला हे मी सांगायला हवं?"

"झालं, सुरू झालं हिचं कीर्तन." ड्रिल घरघरलं. भिंतीतून पांढरी भुकटी खाली तिच्या केसांवर पडली. त्यानं 'सरक' म्हटलं नाही, तीही सरकली नाही.

तिचा स्वतःचा फोटो कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभा होता. कालपर्यंत तो ह्याच भिंतीवर होता. दाट गवत, आणि आत खोलवर एक ओला काळा डोळा. दादानं तिची नजर तिकडे गेलेली पाहिली.

"परवा एक जण तुझ्या फोटोपुढे बराच वेळ उभा होता. म्हणाला, ह्यात हरीण कुठंय? मी म्हटलं, आमच्या बहिणीला सापडलं की कळवू."

वहिनी फिसकन हसली, मग उगाच पिशवीची नाडी आवळू लागली.

ठकूनं एकेका पिशवीतून कात्र्या बाहेर काढायला सुरुवात केली. वहिनीनं तिचं मनगट धरलं. "वन्सं, तमाशा नको."

"हात सोडा."

"सोड गं तिला," दादा शिडीवरून उतरला. "काढू दे. मी सकाळी परत घालीन. ठकू, स्टुडिओ दोघांचा आहे, शिबिर माझं आहे. तुझ्या रडगाण्यासाठी मी ते बंद करणार नाही."

त्यानं टेबलावरची भलीमोठी चौकट उचलली आणि खिळ्यांवर चढवली. पाडस चारही पाय दुमडून बसलेलं, उन्हात न्हालेलं, पुढ्यात काडीचाही अडथळा नाही. पाहणाऱ्याचा जीव जडावा असा फोटो. मग खिशातून त्यानं एक पितळी पट्टी काढली आणि फोटोखाली धरून स्क्रू आवळू लागला. पट्टीवर कोरलं होतं: 'छान आहे.' आणि खाली अण्णांचं नाव.

"हे वाच आणि मग मला शिकव," तो म्हणाला. "उद्या आल्या आल्या सगळ्यांना आधी हेच दाखवणार आहे. अण्णांनी पास केलेला फोटो. निरोप तूच आणला होतास, आठवतं ना? मी अंगणात उभा होतो."

तिला आठवत होतं. अण्णा अंथरुणाला खिळलेले, छातीवर हा फोटो, हातात भिंग. दादाला आत थांबवेना, म्हणून तो अंगणात पुसलेलीच लेन्स पुन्हा पुन्हा पुसत होता. अण्णांनी भिंग खाली ठेवलं आणि काहीतरी म्हणाले. ते घेऊन ती बाहेर आली, आणि तिला दादाचा चेहरा दिसला. गवताच्या पात्याला जपणाऱ्या त्या माणसानं पोराला कधी धड चांगलं म्हटलं नव्हतं. आतलं तिच्या ओठांवर येईना. ती म्हणाली, "छान आहे म्हणाले." पुढे अण्णा गेले, आणि तो शब्द दादानं ढालीसारखा हाती धरला. आता तो पितळेत उतरला होता.

ती फोटोपाशी गेली. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे शेंडे बघ. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते गवत ओढून तोडतं. शेंडा फाटतो, तंतू लोंबतात. हे सगळे एका रेषेत, सरळ कापलेले."

"तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव."

"माझं नाही. अण्णांचं आहे. भिंगातून त्यांनीच दाखवलं मला."

दादाचा स्क्रू आवळणारा हात थांबला. वहिनी उठून उभी राहिली. "वन्सं, पुरे आता."

"छान ते म्हणाले नव्हते, दादा. ते मी म्हटलं, तुझं तोंड बघून. ते म्हणाले, पोरानं कात्री चालवलीय. त्याला विचार, हरिणी परत आली का ते बघायला तरी तो थांबला होता का."