शुक्रवारचा कीपर

"काय काम करता?" एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरत डॉक्टर अनुपमांनी विचारलं.

"विकेटकीपर आहे," गनी म्हणाला. "कंपनीच्या टीमचा कॅप्टन."

"ते शुक्रवारी झालं. बाकीचे सहा दिवस?"

"ते होय... वेल्डर. स्टेनलेस स्टीलचं काम."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो तिथे नेमकं दाबलं. गनीनं दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मार्च २००९, बुधवार.

"इथे काजूच्या गराएवढं हाड असतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याचे दोन तुकडे झालेत. याला रक्त मुळातच कमी मिळतं, म्हणून जुळायला वेळ लागतो. आज प्लॅस्टर घालू. तीन महिने."

"शनिवारी घातलं तर नाय चालणार?"

"शनिवारी का?"

"शुक्रवारी फायनल आहे."

डॉक्टर पुण्याच्या होत्या, इथे आखातात अल कुसैसच्या त्या क्लिनिकमध्ये आठ वर्षं हाडं बसवत होत्या. रागावून उपयोग नसतो हे त्या शिकल्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, यावर आणखी एक दणका बसला तर हाड जुळणारच नाही. मनगट कायमचं आखडेल. क्रिकेटचं सोडा, तुम्हाला वेल्डिंगची टॉर्च धरता येणार नाही. समजतंय ना मी काय म्हणते ते?"

"समजलं," गनी म्हणाला. प्लॅस्टर टाळून त्यानं नुसता रजेचा कागद घेतला आणि एक्स-रेचे दोनशे दिरहॅम, म्हणजे सत्तावीसशे रुपये, असं काउंटरवर मोठ्यानं म्हणून भरले. खालच्या फार्मसीतून क्रेप बँडेजची दोन भेंडोळी घेतली. कागद खिशातच राहिला.

त्याला समजलं नव्हतं असं नाही. पण गनीच्या डोक्यात एक गोष्ट अकरा वर्षं घट्ट बसली होती, आणि डोक्यात बसलेली गोष्ट कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. ती अशी की, कंपनीनं त्याला ठेवलंय ते ग्लोव्ह्जसाठी.

याला कारणही होतं. अठ्ठ्याण्णव साली कंपनीच्या टीमला कीपर नव्हता. फोरमन याकूबचाचा सुट्टीवर रत्नागिरीकडे गावी गेले, खाडीकाठच्या मैदानावर त्यांनी गनीला उड्या मारताना पाहिलं आणि दोन महिन्यांत व्हिसा पाठवून दिला. व्हिसावर हुद्दा होता हेल्पर. वेल्डिंग म्हणजे काय हे गनीला ठाऊक नव्हतं. आणलाय तर कुठेतरी बसवायला हवा, म्हणून चाचांनी त्याला टॉर्चवर बसवला. पुढे हॉटेलांच्या किचनची टेबलं, सिंक, पाइप असं करत करत त्याचा हात असा काही बसला की, त्याचा जोड पॉलिश केल्यावर कुठे होता ते शोधायला बोट फिरवावं लागे. पण खोलीतले सगळे त्याच्याच गावचे. त्यांची चेष्टा एकच, "गनीभाई काय, ग्लोव्ह्ज घालून विमानात बसला!" अकरा वर्षं रोज ऐकल्यावर माणसाला ते खरं वाटू लागतं. गनीला तर त्याचा अभिमान वाटायचा.

मग अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली आणि अल कुसैसमध्ये सिंक बनायचे थांबले. कसं, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. हॉटेलं अर्धवट उभी राहिली, ऑर्डरी रद्द झाल्या. जानेवारीपासून वर्कशॉपमधली एकशे वीस माणसं अंगण झाडत होती आणि झाडलेलंच पुन्हा झाडत होती. त्यामुळेच सेमीफायनलला गनी उजव्या तळव्यावर पडल्यापासून पाच दिवस त्याचा हात कुणाच्या ध्यानात आला नव्हता. झाडू डाव्या हातानंही मारता येतो.

"मालक स्वतः येणार फायनलला," बुधवारी संध्याकाळी याकूबचाचांनी खोलीत येऊन सांगितलं. "आणि शनिवारी लिस्ट लागणार. ऐंशी माणसं जाणार म्हणतात."

"आणि टीम?" गनीनं विचारलं.

"टीमला आजवर कोणी हात लावला नाय. जिंकलो तर इन्शाल्ला लावणार पण नाय."

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नोमान शर्टाला इस्त्री करत होता. नोमान गनीच्याच वाडीतला, सहा वर्षांनी लहान, तोही वेल्डर, आणि टीममध्ये फिल्डर, गरज पडली तर कीपर. गनीनं उजवा हात हळूच पांघरुणाखाली घेतला. हात मोडलाय म्हणून सांगितलं असतं तर शुक्रवारी ग्लोव्ह्ज नोमाननं घातले असते, आणि शनिवारी कोण राहिला असता ते उघड होतं. स्वतःच्या वाडीतल्या माणसापासून असं लपवताना गनीला लाज वाटली. पण त्यानं हात बाहेर काढला नाही.

बायकोला मात्र त्यानं फोनवर सांगितलं. मुनिबानं सगळं ऐकून घेतलं. "मग कंपनीला सांगा ना तुम्ही," ती म्हणाली. "मोडलेल्या हाताच्या माणसाला कोणी घरी पाठवतात काय?"

"त्यालाच आधी पाठवतात, मुनिबा."

"आणि हातच गेला तर?"

"काय तरी बोलू नको. एक मॅच तर आहे." असं म्हणून त्यानं मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मैदानावर ऊन सौम्य होतं. जुम्म्याच्या नमाजाआधी सामना आटपायचा असल्यानं कुणी वेळ दवडत नव्हतं. गनीनं बाथरूममध्ये कडी लावून बँडेज गुंडाळलं होतं, त्यावर चिकटपट्टी, त्यावर इनर म्हणजे आतला पातळ मोजा, मग ग्लोव्ह. टीमनं आधी बॅटिंग करून एकशे अठरा धावा केल्या. त्यातल्या गनीच्या चार, त्याही जवळजवळ एका हातानं काढलेल्या.

मग तो स्टंपांमागे उकिडवा बसला, आणि टीमची दोरी पुन्हा त्याच्या हाती आली. कुणाला दोन पावलं आत घ्यायचं, कुठला बॅट्समन घाबरलाय, कुणाला पुढची ओव्हर द्यायची, हे सगळं तो तिथून हाका मारून ठरवायचा. त्या बाबतीत तो खरोखर हुशार होता. तिसऱ्या ओव्हरला पहिला वेगवान चेंडू उजव्या तळव्यात बसला आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यानंतर तो प्रत्येक चेंडू डाव्या हातात घेऊ लागला आणि उजवा नुसता टेकवू लागला.

शॉर्ट थर्डमॅनला उभ्या असलेल्या नोमानच्या नजरेतून ते सुटलं नाही. ओव्हर संपल्यावर तो जवळ आला. "गनीभाई, उजव्या हाताला काय झालाय तुझ्या?"

"काय नाय. तू तुझ्या जागेवर जा."

"दे ग्लोव्ह्ज माझ्याकडे. दहा ओव्हर मी करतो."

"जा बोललो ना!"

नोमान गेला. गनी इतक्या मोठ्यानं त्याच्यावर कधी ओरडला नव्हता.

शेवटच्या चेंडूवर समोरच्यांना तीन धावा हव्या होत्या. चेंडू मिडविकेटला गेला, दोघे दुसऱ्या धावेसाठी वळले. फेक आली ती वाकडी, उजवीकडे, टप्पा पडून उसळलेली. तिथे डावा हात पोचणं शक्य नव्हतं. गनीनं उजवा घातला, चेंडू धरला आणि तोच हात स्टंपांवर आपटला. आतमध्ये काहीतरी सरकल्याचं त्याला स्पष्ट जाणवलं. अंपायरचं बोट वर गेलं. सामना एका धावेनं जिंकला. पोरांनी त्याला उचललं तेव्हा तो हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

मालक आले होते खरे. शेवटची ओव्हर चालू असताना ते गाडीपाशी फोनवर बोलत होते. गनीनं कप डाव्या हातात धरून फोटो काढून घेतला.

शनिवारी लिस्ट लागली. ब्याऐंशी नावं. गनीनं ती दोनदा वाचली. टीमच्या अकरांपैकी आठ जण त्यात होते आणि नोमानचं नाव एकोणिसावं होतं. गनीचं नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि आजूबाजूला बघितल्यावर त्याला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात प्रॉडक्शन मॅनेजर सुजीत सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "बसा गनीभाई. गुड न्यूज आहे. अल ऐनच्या डेअरीचं पाइपिंग आपल्याला मिळालंय. मंगळवारी क्लायंटचा इन्स्पेक्टर तुमची टेस्ट घेणार. फॉर्मॅलिटी आहे हो, तुमचं जुनं काम बघूनच त्यांनी ऑर्डर दिलीये."

"सर, म्हणजे मी राहिलो ते..."

"राहिलो म्हणजे? जानेवारीत मी लिस्ट बनवायला घेतली तेव्हा ठेवायच्या माणसांत पहिलं नाव तुमचं लिहिलं."

"क्रिकेटमुळे नाय?"

सुजीत सरांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते हसले. "क्रिकेट? बॉसना कोण जिंकलं तेही मला विचारावं लागलं. टीम खलास आता, स्पॉन्सरशिप बंद. अहो, तुमच्यासारखा हात या अख्ख्या इंडस्ट्रियल एरियात नाही. हे काय मी सांगायला पाहिजे?"

खरं तर ते कुणीतरी सांगायला हवं होतं, अकरा वर्षांत एकदा तरी. गनीनं उजवा हात टेबलावर ठेवला. मनगट सुजून अंगठा बाजूला वळला होता. त्यानं खिशातला तीन दिवस घडी घातलेला कागदही काढून ठेवला.

सरांनी कागद वाचला. "तीन महिने," ते म्हणाले. "काम मेच्या आत संपवायचंय. डेट माझ्या हातात असती तर..."

"मंगळवारी टेस्ट देतो, सर. बघू दे मला एकदा."

खोलीवर नोमान बॅग भरत होता. गनीच्या हाताची बातमी त्याच्यापर्यंत आधीच आली होती. त्यानं शर्टाच्या घड्या घालताना मान वर केली नाही. "मला सांगितलं असतंस तर मी केली असती कीपिंग," तो म्हणाला. "मी तसाही जाणारच होतो. तुझा हात तरी वाचला असता."

"मला वाटलं, ग्लोव्ह्ज गेले तर सगळंच गेलं."

"तुला वाटलं," नोमान म्हणाला. मग इतकंच बोलून थांबलो याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. त्यानं गनीसाठी चहा ओतला आणि कप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

मंगळवारी इन्स्पेक्टर आला. पाइपाचे दोन तुकडे तिरके बांधून त्यांचा जोड करायचा होता. असे जोड गनीनं झोपेतही केले असते. त्यानं मास्क खाली ओढला, टॉर्च धरली, डाव्या हातानं जोडात वितळवायची फिलरची तार पुढे केली. पहिलं पाऊण इंच ठीक गेलं. मग पाइपाला वळसा घालण्यासाठी मनगट फिरवायला हवं होतं आणि ते फिरेना. त्यानं खांदा फिरवला, कोपर फिरवला, स्टूलवरून अर्धा उठला. ठिणगी थरथरली, वितळलेलं स्टील एका बाजूला ओघळलं आणि काळं पडलं.

गनीनं टॉर्च बाजूला ठेवली. इन्स्पेक्टर जवळ येऊन वाकायच्या आतच त्यानं खडू घेतला आणि डाव्या हातानं त्या जोडावर फुली मारली.

"वन मोर पीस इज देअर," इन्स्पेक्टर म्हणाला. "टेक अ ब्रेक, ट्राय अगेन."

"नो सर. खलास." मग तो सुजीत सरांकडे वळला. "सर, नोमानला बोलवा. लिस्टमध्ये त्याच्या जागी माझं नाव टाका. त्याचा हात चांगला आहे, मीच शिकवलाय. एकाच्या जागी एक, तुम्हाला पण वांधा येणार नाय."

"गनीभाई, अजून दोन दिवस विचार..."

"हाडाला विचार कळत नाय, सर."

सुजीत सरांनी याकूबचाचांना खूण केली. नोमान आला तो खोलीवरच्या कपड्यांतच, पायात चपला. काय चाललंय ते चाचांनी त्याला वाटेत सांगितलं होतं. तो स्टूलापाशी उभाच राहिला.

"गनीभाई, मी नाय बसणार इथे."

"बस. बूट घाल माझे." गनीनं बूट काढून पुढे सरकवले, मग मास्क काढून त्याच्या डोक्यावर बसवला आणि मागचा पट्टा डाव्या हातानं आवळला. "स्टूल खाली घे, तुझी उंची कमी आहे. कोपर टेकव. खालून चढताना घाई करतोस तू, ती करू नको."

"होय."

"आणि मी बघतोय म्हणून घाबरू नको. मी बघणारच नाय."

ते खरंच होतं. मास्क नसताना त्या उजेडाकडे बघता येत नाही. टॉर्च पेटली तसा गनी मोज्यांवरच मागे सरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर निळसर उजेड नाचत होता. सुरुवातीला मागून तुटक चरचर आली. त्याचा उजवा अंगठा आपोआप हलू बघत होता, म्हणून त्यानं तो डाव्या मुठीत धरून ठेवला. मग आवाज सावरला, बारीक झाला आणि वळणावरही एकसारखा येत राहिला. शेवटपर्यंत तो तसाच ऐकत उभा होता.