टेपबाईची पिशवी

गळ्यात कायम मोजपट्टी, म्हणून अख्खा शिवणविभाग तिला टेपबाई म्हणायचा. तळघरातल्या त्या खोलीत चौदा बायका, चौदा मशिनी, दोन वाफेच्या इस्त्र्या आणि बाहेरच्या पंख्याची ताजी हवा आत यायला भिंतीत एकच जाळी. टेपबाईची धाकटी बहीण तिथेच काजं करायची आणि पंधरवड्यात दोनदा चक्कर येऊन पडली होती. मालकांचं म्हणणं, सोंग आहे सगळं. आज इंजिनीअर हवा मोजणार होता. हवा पुरेशी निघाली, की धाकटी घरी.

इंजिनीअर माणूस सभ्य, पण घाई अशी की जणू गॅसवर दूध ठेवून आलाय. त्याने चक्रीचं यंत्र जाळीच्या मधोमध धरलं, वाऱ्याचा वेग पाहिला आणि जाळीच्या लांबीरुंदीने गुणून मोकळा झाला.

"सेकंदाला एकशे चव्वेचाळीस लिटर. माणशी दहा लागतात. पास."

"बघा!" मालक धाकटीकडे वळले. "हवा भरपूर आहे, इच्छाच नाही कामाची."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इकडे टेपबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे इच्छा नाही!

"थांबा साहेब. मधे मोजलंत, कडांना मोजलंत का? जाळीच्या पट्ट्यांनी अडवलेली जागा वजा केलीत का? मी नुसतं कोपर मोजून बाही शिवली, तर घालाल तुम्ही?"

बायका फिसकन हसल्या.

"अहो ताई, हे यंत्र आहे."

"आणि ही पिशवी आहे."

कापडाचे तागे ज्यात येतात ते प्लास्टिक जोडून तिने ती घरी शिवली होती. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. टाक्यांवर चिकटपट्टी, तोंड बरोब्बर जाळीच्या मापाचं.

"हिच्यात हजार लिटर हवा मावते. तुमचा आकडा खरा असेल तर सात सेकंदांत फुगेल. घड्याळ तुम्हीच धरा."

चपटी पिशवी तिने जाळीवर दाबून धरली. सात झाले, पिशवी आपली आजाऱ्यासारखी लोंबतेय. बारा झाले. मालक उगाचच खोकले. विसाव्या सेकंदाला कुठे ती भरली.

"पन्नास लिटर," इंजिनीअर पुटपुटला. कान लाल झाले होते, पण गडी खरा निघाला. त्याने स्वतः स्टुलावर चढून स्क्रू काढले, जाळी उतरवली. आत अर्धी वाट अडवून एक फळी उभी! रंगकाम करताना लावलेली, काढायची राहून गेलेली. त्याने ती ओढून मालकांच्या पायाशी ठेवली.

"लावा ताई, पुन्हा पिशवी."

या वेळी घड्याळाकडे कोण बघतंय! बाकीच्या सगळ्या जणी मशिनी सोडून उभ्या राहिल्या आणि मोठ्याने मोजू लागल्या. पाच, सहा, सात! पिशवी टम्म फुगली, टेपबाईला एक पाऊल मागे रेटलं तिने. खोलीत असा काही गलका झाला की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात धावत आली.

इंजिनीअरने आधीचा कागद फाडला आणि नव्यावर दोन्ही आकडे लिहिले.

मालक चाचरत म्हणाले, "बरं, मग धाकटीला म्हणावं, सोमवारपासून..."

"सोमवार कशाला?" धाकटी डोळे पुसत जाळीखालच्या मशिनीवर जाऊन बसली. "मी आजच बसतेय. आणि दोनदा पडले, ते सोंग नव्हतं. तेवढं म्हणा."

सगळी खोली मालकांकडे बघत राहिली.

"नव्हतं," मालक म्हणाले.

"मोठ्याने," टेपबाई म्हणाली.