जिंकल्याची धून

मी एक खेळ बोलतोय. हो, मोबाईलमधलाच, पण खुर्चीत बसून बोटं आपटायचा नव्हे. मला खेळायचं तर ऊन अंगावर घेऊन चालावं लागे. ठरलेल्या जागी पोहोचलात, की तिथली गोष्ट तुमच्या कानात सुरू. जागा सोडून गोष्ट नाही, हा माझा धर्म. तो बुडवला गेला, म्हणून आज तोंड उघडतोय.

यवतमाळच्या कॉलेजात शिकणाऱ्या निकितानं आणि राजकुमारनं मला घडवलं. राजकुमारचा बंजारा तांडा बोरी अरबपासून थोडा आत. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. सुट्टीच्या दिवशी ही दोघं ती जुनी वाट पायी तुडवायची. बैल पाणी प्यायचे तो नाला, गोण्या उतरवायचा माळ, असं एकेक ठिकाण माझ्या नकाशावर येत गेलं. निकिताच्या पायात काटे मोडायचे आणि राजकुमार हसायचा. बालपण माझं मजेत गेलं.

शेवटचं ठिकाण तांड्याबाहेरचं मोहाचं झाड. सासरी निघालेली लेक इथं बैलाच्या पाठीवर उभी राहते, हात उंचावते आणि रडत रडत हवेली नावाचा विलाप म्हणते. आईबापाचा, घराचा, वाटेचा निरोप असतो तो. निकिताला हवेली राजकुमारच्या आईच्या, जमनीच्या आवाजात हवी होती. ओसरीवरच बसून म्हणा, असं तिनं सुचवलं.

"हे गाणं नाही पोरी, रडणं हाय," जमनी म्हणाली. "घरात बसून रडलं त अपशकुन होते. लेक जिथून निघते तिथंच रडा लागते."

"मग झाडाखाली म्हणाल का, मावशी?"

"म्हणीन. पण आयकणाऱ्यानं बी तिथंच यावं. आन् उभ्यानं आयकावं."

जमनी झाडाखाली उभी राहिली. तिचं माहेर दूरच्या तांड्यावर. लग्नाच्या दिवशी ती मायच्या गळ्यात पडली, तीच दोघींची शेवटची भेट ठरली होती. ते सगळं तिच्या आवाजात उतरलं. माझ्याकडे याहून मोलाचं काही नव्हतं.

पुढं एका पर्यटन कंपनीनं मला विकत घेतलं. "एवढं चालते कोण? लोकं गाडीतून उतरत नाहीत," असं म्हणत तिथल्या साहेबानं सगळी वाट आपल्या हॉटेलच्या आवारात आणून बसवली. नाला पोहायच्या तलावापाशी, माळ पार्किंगमध्ये. आणि हवेली? चाल कानाला गोड, शब्द कुणाला कळत नव्हते. त्यानं तिचा तुकडा कापला, वर ढोल चढवला आणि खेळणारा जिंकला की वाजायची धून केली. लेकीच्या हंबरड्याची धून! जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवायची होती.

उद्घाटनाला जमनीलाही बोलावलं होतं. कुणीतरी जिंकलं, धून वाजली आणि पाहुणे नाचायला लागले. जमनीनं आपला आवाज ओळखला. ती खुर्चीवरून उठली. आता ही पण नाचणार, असं वाटून लोकांनी टाळ्या पिटल्या. धून संपेपर्यंत ती नुसती उभी होती.

मग राजकुमारला म्हणाली, "बेटा, मायले सोडताना रडली होती मी. ह्या लोकायले हासू काहून येऊन राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी तो आणि निकिता साहेबाशी भांडले. खेळावरची आमची नावं काढा, पण तो आवाज आधी काढा, म्हणाले. साहेबानं दोन्ही काढलं. त्याचं काय जात होतं? मी अजून त्याच्या हिरवळीवर गाडीवाल्यांना खेळवतोय, आणि माझी मलाच लाज वाटते.

पण उद्घाटनात लोकांनी धून मोबाईलमध्ये भरून घेतली होती. ती आता रिंगटोन म्हणून गावोगाव फिरते. तुमच्याकडे असेल, तर हात जोडतो, आत्ताच्या आत्ता पुसून टाका. बोरी अरबच्या बाजारात कुणाचा तरी फोन वाजतो, जमनी भाजीची पिशवी खाली ठेवते आणि तो उचलला जाईपर्यंत तिथंच उभी राहते.