बिलावरची सायलीबेन

माझ्या नणंदेला, सरलाताईंना, साडी घ्यायची होती. आम्ही सुरतेत पर्वत पाटियाजवळ हेमराजभाईंच्या दुकानात गेलो. त्यांचा बिलाचा प्रोग्राम आमच्या ह्यांनीच लिहिलाय, म्हणून मी जरा ऐटीतच माझा मोबाइल नंबर सांगितला. बिल छापून आलं. वर लिहिलेलं, ‘सायलीबेन, फरी पधारजो’, म्हणजे पुन्हा या.

“वहिनी, तुनं नाव कधी बदलनं वं?” ताई खो-खो हसल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सायली म्हणजे ह्यांच्या कतारगामच्या जुन्या ऑफिसातली. गोरीगोमटी, इंग्रजी फाडफाड. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी ‘सायली असती तर दोन मिनिटांत केलं असतं’ हे मला जेवताना ऐकावं लागतं.

“बेन, भूपेंद्रभाई के प्रोग्राम में नवा नंबर हो तो यही नाम आता है,” हेमराजभाई म्हणाले. “कल एक धोतीवाले काका को भी सायलीबेन बना दिया.”

म्हणजे अख्ख्या मार्केटात फिरवताहेत तिला!

घरी येऊन बिल ह्यांच्या कीबोर्डवर आपटलं. “ही भवानी इथे कशी?”

हे आधी गडबडले, मग शिकवायला लागले. प्रत्येक नंबराला एक नाव जोडलेलं असतं. नंबरच सापडला नाही, तर प्रोग्राम तिथेच मान टाकतो. म्हणून आधीच एक नाव देऊन ठेवायचं, डिफॉल्ट. “टेस्टिंगला पटकन सुचलं ते टाकलं गं. काढायचं राहिलं.”

“पटकन तीच सुचली? साधं ‘ग्राहक’ नाही सुचलं? मी नाही सुचले?”

“अगं बाई, ती पुण्याला गेली, तिचं लग्न झालं. विषय संपला.”

कुणाचा संपला? ती पुण्याला गेली, त्याच उन्हाळ्यात हे मला बघायला नंदुरबारला आले होते. चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार दिला. मी मेली आजवर मैत्रिणींत त्याचीच फुशारकी मारत आले.

“थांब, आत्ता बदलतो.” ह्यांनी खटखट केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सायली खोडून तिथे माझं नाव, उज्ज्वला. “झालं समाधान?”

मी बघतच राहिले. हवं ते सापडलं नाही, की उज्ज्वला.

“अहो,” मी विचारलं, “लग्नाच्या वेळीपण असंच केलंत का?”

हे हसायला गेले. ते काही जमलं नाही. मग त्यांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवून घेतली.