बन्सीधरचं दुसरं वर्ष

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. माझा पंप आता हवा धरत नाही. पूर्णेला रंगनाथ सरांच्या घरी मी माळ्यावर पडून असतो. वर कोणी येत नाही.

माझं खरं आयुष्य परभणीतल्या एका भाड्याच्या खोलीत सुरू झालं. तिथं बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे दोन मित्र राहत. रंगनाथ शेतकऱ्याचा मुलगा, बन्सीधर बौद्ध शेतमजुराचा. मला पेटवायचं काम बन्सीधरचं. वाटीत रॉकेल ओतायचं, काडी लावायची, भडका बसला की पंप मारायचा. माझ्या फरफर आवाजाच्या वरताण तो मोठ्यानं धडे वाचायचा. "लय गुणाचा स्टोव्ह हाय आपला," असं म्हणायचा.

१९७८च्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटल्या. बन्सीधर तेव्हा सेलूकडच्या आपल्या गावी गेला होता. एका रात्री जमावानं रॉकेल टाकून त्यांच्या वस्तीतली घरं जाळली. आई बायनाबाईला त्यानं कसंबसं बाहेर काढलं. घर गेलं.

तो खोलीवर परतला, तेव्हा रंगनाथनं चहासाठी घाईघाईनं मला पेटवलं. भडका उठला. बन्सीधर मागं सरून भिंतीला चिकटला. रंगनाथनं चटकन मला विझवलं, माझ्यातलं रॉकेल ओतून दिलं, राखेनं घासून मला बाजेखाली सारलं. पुढं दोघं भिजवलेले हरभरे खाऊन कॉलेजला जाऊ लागले. मी रिकामा, गार पडलेला. तरी रॉकेलचा वास आल्यासारखा बन्सीधर झोपेत नाकावर हात धरायचा.

पोळ्याच्या आदल्या दुपारी तो आला आणि कपडे पिशवीत भरू लागला.

"कॉलेजातनं नाव काढून आलो."

"परीक्षेपर्यंत तरी थांब की, बन्सी!"

"सर शिकवायलेत अन् मला आईची हाक ऐकू यायलीय, रंग्या. त्या रातीची. पुस्तकात काईच दिसंना."

रंगनाथनं पिशवी घट्ट धरून ठेवली. मग सोडली.

बन्सीधर सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. रंगनाथनं खोलीत दुसरा जोडीदार घेतला नाही. मित्राच्या गावी जायचं त्याच्या फार मनात होतं. पण 'कोणत्या तोंडानं जाऊ?' असं म्हणता म्हणता राहूनच गेलं.

१९९४मध्ये विद्यापीठाचं नाव बदललं. त्याच वर्षी जूनमध्ये बन्सीधर पूर्णेला, आता सर झालेल्या रंगनाथकडं आला. मुलगी केशर हिला अकरावीत घालायचं होतं. केस पिकले होते. रंगनाथनं त्याचा हात धरून त्याला आपल्याशेजारी बसवलं.

रंगनाथच्या बायकोनं, सरजाबाईंनी, पाणी देता देता सहज विचारलं, "भावजी, तुमचं शिक्षण किती झालं?"

"बी.ए. दुसरं वर्ष," बन्सीधर म्हणाला. "पोळ्यापर्यंत."

मित्रांनो, तुमच्या वर्गातली एखादी जागा अशी अचानक रिकामी झाली, तर तिच्यावर दप्तर ठेवून मोकळे होऊ नका. त्या मित्राच्या गावाला जा. काय बोलावं ते सुचलं नाही, तरी जा.